थांबलेलं चित्र

रविवार, ११ ऑक्टोबर

नेट नाही. सकाळपासून नाही.

धाकट्या भावाने सकाळी येऊन लॅपटॉप पुसला आणि सिस्टिम नव्याने घातली. सांगितलं मीच होतं. बुधवारच्या सुनावणीत चित्र सारखं अडखळत होतं — समोरच्या बाईचे हात मध्येच थिजायचे, मग एकदम चार खुणा पुढे. खुणांच्या भाषेची दुभाषी मी. आवाज तुटला तर निभावून नेते. चित्र तुटलं की संपलंच. धाकटा म्हणाला, "ताई, आठ वर्षांचा कचरा साचलाय यात. सगळं काढून टाकतो, बघ कसा पळतो ते."

पळतोय. पूर्वी तो सुरू होईपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा, आता पदराला हात पुसेपर्यंत पडदा उजळतो. फक्त कोपऱ्यात वाय-फायची खूण असायची तिथे काही नाही. बंद आहे, बिघडलंय असंही म्हणत नाही. नाहीच. जणू या यंत्रात ते कार्ड कधी बसवलंच नव्हतं.

"ड्रायव्हर गेला असणार," धाकटा म्हणाला. "कार्डाशी बोलणारा छोटा प्रोग्राम असतो. पुसताना तोही गेला. नेटवरून उतरवला की झालं."

नेटवरून. मी त्याच्याकडे बघितलं. मग त्यालाही कळलं आपण काय बोललो ते.

आईने विचारलं काय झालं. आईला जन्मापासून ऐकू येत नाही. आमच्या घरात पहिली भाषा हातांचीच. धाकट्याने खुणेने सांगितलं — मुका झालाय. आई म्हणाली, "ते नाव मला पुरे. त्याला आळशी म्हण."

हसले. पुढची सुनावणी शुक्रवारी अकराला. पाय प्लॅस्टरमध्ये, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मला उचलून न्यायचं तर चार माणसं आणि एक खुर्ची लागेल. धाकट्याला उद्यापासून छापखान्यात दिवसभर काम. जाताना म्हणाला, "होईल गं." त्याचं "होईल गं" मी लहानपणापासून ऐकते आहे.

सोमवार, १२ ऑक्टोबर

आईचा मोबाइल वायरने लॅपटॉपला जोडला. त्याच्या सिमचं नेट लॅपटॉपला मिळतं, वाय-फायचं नाही, हे धाकट्याने फोनवर सांगितलं. मिळतं, पण आमच्या घरात मोबाइलला रेंजची एकच दांडी, तीही खिडकीत. एक ड्रायव्हर उतरायला पाऊण तास. सुनावणीचं चित्र याच्यावर चालणं शक्य नाही.

ड्रायव्हर बसवला. काही नाही. पुन्हा बसवला. काही नाही. मग लॅपटॉप उलटा करून मागचं बारीक लिहिलेलं वाचलं — आईने भिंग धरलं. याच मॉडेलमध्ये कंपनीने दोन वेगवेगळी कार्डं घातली आहेत म्हणे. म्हणजे मी सकाळभर दुसऱ्याच कार्डाचा ड्रायव्हर घालत बसले होते! यंत्राच्या यादीत प्रत्येक भागाचा एक लांबलचक क्रमांक असतो, तो कागदावर उतरवून घेतला, त्यावरून बरोबर ड्रायव्हर शोधला. आणखी पाऊण तास.

साडेचारला कोपऱ्यात वाय-फायची खूण आली. मी आईचा हात दाबला.

पण खूण राखाडी. वाय-फाय "बंद" म्हणतं. सुरू करायचं बटण सरकवलं की आपोआप परत मागे येतं. वीस वेळा सरकवलं. वीस वेळा मागे.

हे चाललेलं असताना थोरलीचा फोन. थोरली म्हणजे इस्त्रीवालीची मोठी बहीण. तिला ऐकू येतं. इस्त्रीवाली, म्हणजे बुधवारच्या चित्रातली ती बाई, कपड्यांच्या कारखान्यात इस्त्री विभागात आहे, आईसारखीच जन्मापासून ऐकू न येणारी. गेल्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत तिथे आग लागली आणि पॅकिंगमधल्या एका बाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. कारखाना म्हणतो, इस्त्रीवालीने बटण बंद केलं नाही. कामगार कचेरीत त्याचीच चौकशी चालली आहे.

थोरली म्हणाली, "ताई, बुधवारची नोंद आज हातात आली. त्यात लिहिलंय — 'मी बटण बंद केलं नाही.' माझी बहीण असं बोललीच नाही म्हणते."

 ते वाक्य मीच बोलले होते. तिच्या हातांवरून वाचून, माझ्या तोंडाने.

"ती काय म्हणाली होती मग?"

"सुपरवायझरने तिला विचारलं होतं, बंद केलं नाहीस? ते ती सांगत होती. ती म्हणते, मी पुढे सांगत होते आणि मला थांबवलं."

आमच्या भाषेत प्रश्नाला वेगळा शब्द लागत नाही. भुवया वर जातात, तोच प्रश्न. दुसऱ्याचं बोलणं सांगायचं तर खांदा किंचित वळतो, नजर त्या माणसाच्या जागी जाते. हात तेच. भुवया आणि खांदा दिसले नाहीत तर प्रश्नाची कबुली होते.

मी म्हटलं, "चित्र थांबलं होतं हो त्या वेळी. माझं यंत्र अडखळत होतं. शुक्रवारी मी चौकशीच्या साहेबांना सांगते."

थोरलीने विचारलं, "शुक्रवारी नक्की दिसेल ना तुम्हाला?"

मंगळवार, १३ ऑक्टोबर

दुरुस्तीवाला आला. तीन जिने चढून धापा टाकत, पण माणूस भला. लॅपटॉपचं पोट उघडून ते कार्ड दाखवलं — पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढं, त्यावर दोन केसासारख्या वायरी टाचलेल्या. काढलं, खोडरबराने त्याची सोनेरी कडा घासली, परत बसवलं. बॅटरी सोडवून सुरू करायचं बटण मिनिटभर दाबून धरलं — "उरलीसुरली वीज निघून जाऊ दे, मॅडम." सगळं जोडलं. राखाडीच.

"कार्ड गेलं," म्हणाला.

"रविवारी सकाळपर्यंत चालू होतं."

"जाणाऱ्या वस्तू आदल्या दिवशी चालूच असतात."

 नवीन कार्ड मागवावं लागेल, सोमवारपर्यंत येईल. राउटरची वायर थेट जोडावी तर या पातळ लॅपटॉपला त्याचं भोकच नाही. ती जोडायचा कनेक्टर त्याच्याकडे संपलाय, शनिवारी येईल. मी म्हटलं, शनिवार-सोमवार मला सांगू नका, मला शुक्रवार सांगा. त्याने डोकं खाजवलं. बाहेरून खोचायचं बोटभर वाय-फाय एका गिऱ्हाइकाकडे दिलेलं आहे, ते परत आलं की गुरुवारी आणून देतो म्हणाला.

संध्याकाळी धाकट्याला फोन. नको ते बोलले. म्हटलं, तुला येत नव्हतं तर हात कशाला लावलास. तो म्हणाला, "तूच मागे लागली होतीस." मी म्हटलं, एका बाईच्या पोटावर पाय येणार आहे तुझ्यामुळे, कदाचित पोलीसही. तो "ठेवतो" म्हणाला आणि ठेवला.

आईने माझ्या तोंडाकडे बघून सगळं ओळखलं. म्हणाली, "त्याने वाईट व्हावं म्हणून नाही केलं." मी तिच्याकडे पाठ फिरवली. आईच्या बाबतीत पाठ फिरवणं म्हणजे कानावर हात ठेवणं. लहानपणी असं केलं की मार बसायचा. आज तिने फक्त दिवा लावला आणि आत गेली.

बुधवार, १४ ऑक्टोबर

कामगार कचेरीतून निरोप. दुभाषी शुक्रवारी अकरा वाजता हजर नसेल तर कारखान्याच्या कार्यालयातला एक माणूस काम करेल, "त्याला थोड्या खुणा येतात." आणि मागच्या बुधवारची नोंद कायम धरली जाईल.

थोड्या खुणा! पाणी, जेवण, चल, थांब — एवढ्यावर तो तिची साक्ष सांगणार. आणि पगार कारखान्याचा.

आईच्या मोबाइलवर काम भागतं का ते तपासून पाहिलं. मोबाइल घरच्या वाय-फायवर घेतला — त्याचं वाय-फाय ठणठणीत आहे, राउटरला काही झालेलं नाही. शेजारणीचा मोबाइल देऊन आईला आतल्या खोलीत बसवलं. सुनावणीत असतात तशा पडद्यावर चौकटी केल्या. आईची चौकट काडेपेटीएवढी. तिने दहा वाक्यं सांगितली, मी लिहून घेतली, मग बाहेर येऊन तिने तपासली.

तीन चुकली. "काल आला नाही" मी "काल आला" लिहिलं. नकाराची मान दिसलीच नाही.

आईने वही बंद करून बाजूला ठेवली. म्हणाली, "यावर नको. यापेक्षा नाही म्हण."

नाही म्हटलं तर तो थोड्या खुणांवाला.



गुरुवार, १५ ऑक्टोबर

दुरुस्तीवाला बाराला आला. बोटभर वाय-फाय लॅपटॉपच्या कडेला खोचलं. सिस्टिमने ओळखलं, नाव दाखवलं. आणि — बंद. राखाडी. बटण सरकवलं की मागे. हुबेहूब तसंच.

त्याने हात टेकले. "तुमच्या यंत्राला वाय-फायचं वावडं आहे, मॅडम." दुकानात लोक खोळंबले होते, दोन वाजता परत येतो म्हणून गेला. बोटभर वस्तू तिथेच राहिली.

मी त्या दोन राखाडी खुणांकडे बघत बसले. जुनं कार्ड जळलं, हे मानलं. पण हे तर सकाळपर्यंत दुसऱ्याच्या घरी चालत होतं. दोन्ही एकदम कशी मरतील? दोन्ही बंद आहेत म्हणजे दोष दोघांचाही नाही. दोघांना तिसरंच कोणी तरी बंद ठेवतंय.

हे मी आईला सांगितलं. सांगायचं म्हणून सांगितलं, तिला यंत्रातलं काय कळणार असं मनात धरून. तिने बोट दाखवलं — वरच्या ओळीत एक बटण आहे, विमानाचं चित्र असलेलं, त्यात बारीक दिवा. नारिंगी.

"हा आधी पांढरा असायचा," ती म्हणाली. "रविवारपासून असा आहे."

"मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, नवीन रंग दिलाय."

घरात बारीकसा दिवा बदलला तरी आईला दिसतो. दाराची घंटासुद्धा तिच्यासाठी दिवाच आहे. आणि मी चार दिवस त्या बटणाच्या दोन बोटं खाली हात ठेवून बसले होते.

विमानाचं बटण म्हणजे सगळं वायरलेस एका झटक्यात बंद. दाबलं. काही नाही. दिवा नारिंगीच. पुन्हा मोबाइल वायरने जोडून खिडकीत ठेवला आणि शोधलं. एका जुन्या चर्चेत कोणी तरी लिहून ठेवलं होतं: या लॅपटॉपमध्ये ते बटण नुसतं दाबून चालत नाही, बटणाचं ऐकणारा कंपनीचा वेगळा छोटा प्रोग्राम लागतो. सिस्टिम नव्याने घातली की तो जातो, आणि बटण ज्या अवस्थेत असेल तिथेच अडकून बसतं. लिहिणाऱ्याचे आठ दिवस गेले होते. त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले.

प्रोग्राम उतरवायला एक तास दहा मिनिटं. दोनदा मध्येच तुटला. तिसऱ्यांदा आईने मोबाइल खिडकीच्या गजाबाहेर हातात धरून ठेवला, हात भरून आला की दुसरा हात. तेवढा वेळ ती बोलू शकत नव्हती. मीही बोलले नाही.

बसवला. लॅपटॉप बंद करून सुरू केला. बटण दाबलं.

पांढरा.

दोन्ही खुणा एकदम काळ्या झाल्या आणि घरच्या वाय-फायचं नाव आलं. दुरुस्तीवाला दाराशी पोचला तेव्हा आम्ही दोघी हसत होतो, त्याला काही कळेना. बोटभर वस्तू परत दिली. कार्ड शाबूत आहे म्हटल्यावर म्हणाला, "मग मी ते घासलं त्यामुळे असेल." म्हटलं, असेल.

पाचला चाचणी घेतली. आई आतल्या खोलीत. दहा वाक्यं, दहाही बरोबर. चित्र पाण्यासारखं.

धाकट्याला फोन करायला हवा. उद्या झाल्यावर करते.

शुक्रवार, १६ ऑक्टोबर

अकराला पाच कमी असताना जोडले गेले. पाय स्टुलावर, मागे साधी भिंत, काळा कुडता — हात उठून दिसावेत म्हणून. मोठ्या चौकटीत इस्त्रीवाली, कचेरीतल्या एका खोलीत. दुसरीकडे चौकशीचे साहेब, शेजारी कारखान्याचे वकील.

तिने आधी मला बघितलं. नमस्कार नाही, काही नाही. नुसतं बघितलं. मी खुणेने विचारलं, दिसतेय का नीट? ती म्हणाली, "मी दिसते का?"

साहेबांनी तोच प्रश्न घातला. ती बोलू लागली आणि मी तिच्याबरोबर:

"एक वाजता घंटेचा दिवा लागला. मी इस्त्री उभी केली, बटण बंद केलं. तळव्याने पाहिलं, गार होऊ लागली होती. जेवायला गेले. धूर झाल्यावर सुपरवायझर धावत आले. त्यांनी विचारलं —" इथे तिचा खांदा वळला, भुवया वर गेल्या "— 'बंद केलं नाहीस?' मी म्हटलं, केलं. मी म्हटलं, दुसऱ्या टेबलाची तार बघा, ती आठ दिवसांपासून उघडी आहे, मी तुम्हाला दाखवली होती."

वकील म्हणाले, "मागच्या वेळी दुभाषीबाईंनी वेगळं सांगितलं होतं."

साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "हो. बाई, तुम्ही म्हणालात, 'मी बटण बंद केलं नाही.' हे कसं झालं?"

मी तयार होते. "साहेब, त्या दिवशी माझं यंत्र अडखळत होतं. त्या वाक्याला चित्र थांबलं. भुवया दिसल्या नाहीत. आता यंत्र दुरुस्त केलं आहे."

ते सगळं मी इस्त्रीवालीलाही खुणांनी सांगितलं, सांगावंच लागतं. ती माझ्याकडे बघत राहिली. 

साहेबांनी लिहून घेतलं: तांत्रिक बिघाड. दुसऱ्या टेबलाची तार तपासायला माणूस पाठवतो म्हणाले. वकिलांनी हरकत घेतली — "यंत्रावर ढकलणं सोपं असतं" — आणि मागच्या सुनावणीचं रेकॉर्डिंग काढून सगळ्यांना पाठवावं अशी मागणी केली. साहेब बरं म्हणाले. मीसुद्धा म्हटलं, जरूर पाठवा. कचेरीत जोडणी चांगली असली तरी माझ्याकडचं चित्र थांबलं होतं हे त्यात कसं दिसणार, असं वकिलांनी विचारलं. साहेब म्हणाले, ज्याला जे दिसलं तेच साठवलं जातं, प्रत्येकाच्या बाजूने. म्हणजे बरंच झालं.

थोरलीचा फोन आला. रडत होती. "ताई, तुम्ही होतात म्हणून." मी लवकर फोन ठेवला. चार दिवसांचा ताण होता, दुसरं काय.

शनिवार, १७ ऑक्टोबर

धाकटा आला. मी म्हटलं, चुकलं माझं. तो म्हणाला, "बघ, म्हटलं होतं ना, होईल गं." आईने दोघांच्या डोक्यात एकेक टपली दिली. दिवसभर झोपले.

सोमवार, १९ ऑक्टोबर

रेकॉर्डिंग आलं. माझ्या बाजूचं.

पहिल्या सुनावणीत, त्या बुधवारी, चित्र अडखळलं हे खरं. सात वेळा. मी वेळा मोजून लिहून काढल्या. त्या वाक्याला नाही. त्याच्या आधी दोन मिनिटं आणि नंतर पाच मिनिटं चित्र स्वच्छ आहे. खांदा वळलेला दिसतो, भुवया वर गेलेल्या दिसतात. खालच्या लहान चौकटीत मी आहे. मी खाली वाकून पायाखालची उशी सरकवते आहे. चार सेकंद. वर बघते तेव्हा भुवया-खांदा होऊन गेलेले, हात उरलेले असतात फक्त. मी न अडखळता म्हणते, "मी बटण बंद केलं नाही." वकील म्हणतात, एवढं पुरे. ती अजून सांगतेच आहे — केलं, केलं, तार बघा — आणि मी तळवा उभा करून तिला थांबवते.

मला काहीच आठवत नव्हतं. चित्र थांबलेलं मला खरंच आठवत होतं.

आईला काही न सांगता तेवढाच तुकडा दाखवला. तिने एकदाच पाहिला आणि पूर्ण वाक्य बरोबर सांगितलं. मग खालच्या चौकटीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

बावीस वर्षांत किती साक्षी सांगितल्या, आणि त्यातल्या किती वेळा कोणतंच रेकॉर्डिंग नव्हतं.

साहेबांना पत्र लिहिलं. तीन ओळी. पहिली: त्या वाक्याला यंत्रात बिघाड नव्हता. पाठवलं.